गुहेजवळ सापडलेला लांबटांग्या कोळी नवा आहे, हे कागदावर कसं मांडायचं

समजा गुहेच्या तोंडापाशी दगडाच्या कपारीत एक कोळी दिसला, अंग जेमतेम ४-५ मिलिमीटर, पाय मात्र दोऱ्यासारखे बारीक आणि लांबच लांब, जाळ्यात उलटा लटकलेला, आणि बोट जवळ नेलं की असा गरागरा फिरायला लागतो की नुसता धूसर ठिपका दिसतो. फोटो काढला, चार जाणकारांना दाखवला, कोणालाच नाव सांगता येईना, आणि मग डोक्यात किडा वळवळायला लागतो की ही नवी प्रजातीच असणार. असूही शकते. या लांबटांग्या कोळ्यांच्या फोल्सिडी या कुळात आत्तापर्यंत १,९०० हून जास्त प्रजातींची नोंद झालीय आणि दर वर्षी भर पडतेच आहे, त्यातली फोल्कस ही एकच जीनस (एकमेकांच्या जवळच्या प्रजातींचा गट) घेतली तरी ३५० च्या वर प्रजाती. पण नेमकी हीच गोष्ट तुमच्या विरोधातही जाते, कारण नवा म्हणायचा तर या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे हे तुम्हाला दाखवायचंय, आणि रंगरूपावरून ते दाखवता येत नाही.

आधी तो कोळी आहे ना तेवढं बघा. लांब पायांचे ओपिलिओनिस नावाचे प्राणी गुहांमध्ये भरपूर असतात आणि लोक दोघांना एकच समजतात. ओपिलिओनिसचं अंग म्हणजे एकच गोळी, डोकं आणि पोट यांच्यात कंबर नसते, आणि ते जाळं विणत नाहीत. आपल्याला हवा तो कंबरवाला. (याच्याबद्दल एक अफवा फिरते की हा जगातला सगळ्यात विषारी कोळी पण दात आखूड म्हणून माणूस वाचतो, तिला काही आधार नाही, बिनधास्त काम करा.)

आता गुहेबद्दल. गुहेजवळ सापडला म्हणजे गुहेतला झाला असं नाही, आणि नवशिके सगळ्यात जास्त इथेच फसतात, मीही फसलोय. या कुळातल्या पुष्कळ प्रजातींना अंधार, ओलावा आणि वारा न लागणारी जागा एवढंच हवं असतं, मग ती गुहा असो, दरडीखालची पोकळी असो, रस्त्याखालची मोरी असो नाहीतर घराचं तळघर. म्हणून पहिल्या दिवशी गुहेत जितका वेळ घालवाल तितकाच बाहेर घाला, आजूबाजूच्या दगडांच्या खाली, झाडाच्या मुळांच्या पोकळीत, पडलेल्या पानांमध्ये. तोच कोळी बाहेर पन्नास ठिकाणी मिळाला तर लेखात गुहेचं कौतुक करायची गरज नाही, आणि तो फक्त आत, उजेड संपतो तिथून पुढेच मिळाला तर ती खरी माहिती आहे, तीसुद्धा किती मीटर आत, तिथे किती उजेड होता, जमीन ओली की कोरडी अशी लिहून ठेवा. फिकट रंग आणि लांब पाय बघून "गुहेसाठी बदललेला" असं लगेच लिहायचं नाही, कारण बाहेर राहणारे फोल्सिडीसुद्धा फिकट आणि लांब पायांचेच असतात. डोळे मोजा. बहुतेक प्रजातींना आठ डोळे असतात, दोन बाजूंना तीन-तीनचे दोन घोळके आणि मध्ये दोन छोटे, काहींना हे मधले दोन नसतातच. डोळ्यांचा व्यास जवळच्या प्रजातींपेक्षा खरंच कमी झालेला असेल तर तेव्हा बोला.

परवानगी हा विषय कंटाळवाणा आहे पण तो आधी उरका. गुहा संरक्षित क्षेत्रात असेल, कोणाच्या खाजगी जमिनीत असेल, नमुने दुसऱ्या देशात पाठवायचे असतील, प्रत्येकाचे कागद वेगळे. २०१४ पासून नागोया प्रोटोकॉल (जैविक संपत्तीच्या वापराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) लागू आहे, त्यामुळे जैविक नमुने सीमेपार न्यायचे तर चांगली जर्नल परवाना क्रमांक विचारतात. कागद नसताना गोळा केलेला नमुना म्हणजे वर्षभर काम करून शेवटी अडकून पडायची सोय. आणि गुहेत वटवाघळं असतील तर बूट, दोर, कपडे एका गुहेतून दुसऱ्या गुहेत तसेच न्यायचे नाहीत, वटवाघळांना मारणारी पांढऱ्या नाकाची बुरशी माणसांच्या सामानावरूनही पसरू शकते. विष्ठेची धूळ उडत असेल तर मास्क लावा, हिस्टोप्लास्मोसिस हा फुप्फुसाचा आजार तिथूनच होतो.

पकडायचं कसं? घाई न करता. हे पाय काचेच्या धाग्यासारखे तुटतात, घाबरला की कोळी स्वतःच पाय सोडून देतो, आणि पहिला पाय गेला की तुमची अर्धी मोजमापं गेली. टॉर्च सरळ न मारता तिरकी मारा म्हणजे जाळं चमकतं, नाहीच दिसलं तर पाण्याचा बारीक फवारा मारा (पावडर फुंकणारे लोक आहेत, गुहेत ते करू नका). मग खाली रुंद तोंडाची बाटली धरायची आणि वरून मऊ ब्रशने हलकेच टोचायचं, तो आपोआप खाली येतो. चिमट्याने पाय धरून उचललात तर हातात पायच राहील.

हवा तो प्रौढ नर. हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. पिल्लू किंवा अर्धवट वाढलेला कोळी नव्या प्रजातीच्या कामाचा जवळजवळ नसतोच. प्रौढ नर ओळखायचा तर तोंडाजवळचे दोन पाल्प (छोट्या पायांसारखे अवयव) बघा, या कुळात ते अंगाच्या मानाने चांगलेच मोठे असतात, जणू बॉक्सिंगचे ग्लोव्हज घातलेत. पाल्प नुसते फुगलेले आणि गुळगुळीत दिसले, त्यावर काटे-आकडे नाहीत, तर त्याची शेवटची कात टाकायची बाकी आहे, त्याला जिवंत न्या, ओलसर डब्यात ठेवा, छोट्या फळमाश्या द्या आणि वाट बघा. मादी त्यामानाने सहज सापडते, कधी कधी अंड्यांचा गोळा दोनचार धाग्यांत बांधून जबड्यात धरून बसलेली असते. अशी एखादी असेल तर माझं मत विचाराल तर फोटो काढा आणि सोडून द्या, दुसरी मिळेल. नर आणि मादी एकाच जाळ्यात सापडले तर सोन्याहून पिवळं, कारण दोघं एकाच प्रजातीचे आहेत हे नंतर जुळवत बसणं फार डोकेदुखीचं असतं. दोनतीन नर, तीनचार माद्या, एवढ्यात काम होतं. छोट्या गुहेतले सगळे उचलून आणणं हे काही शास्त्र नाही.

नमुने ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, डीएनए काढायचा असेल तर निदान एक तरी ९५ टक्क्यांच्या वर आणि फ्रीझरमध्ये. सगळेच तीव्र अल्कोहोलमध्ये टाकले तर ते कडक होतात आणि नंतर पाल्प वळवायला गेलं की तुटतो. लेबल बाटलीच्या आत, बाहेर चिकटवलेलं नको. पेन्सिलने किंवा अल्कोहोलमध्ये न विरघळणाऱ्या शाईने: देश, राज्य, जागा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, कशात सापडला, तारीख, कोणी पकडला. माझ्या पहिल्या खेपेतल्या तीन बाटल्यांवर मी नुसतं "गुहा, डावीकडे" असं बॉलपेनने लिहिलं होतं, घरी येईपर्यंत अल्कोहोल निळं आणि कागद कोरा, तो सगळा ऐवज गेला. तारखेत महिना रोमन आकड्यात लिहायची पद्धत आहे, त्यामुळे दिवस कुठला आणि महिना कुठला हा घोळ होत नाही.

आता खरं काम, आणि ते मायक्रोस्कोपखाली आहे. फोल्सिडीमध्ये ओळख पटते ती मुख्यतः तीन ठिकाणी: नराचा पाल्प, नराचे जबडे आणि मादीचा जननभाग. बाकी सगळं दुय्यम. पाल्पवर एक खास अवयव असतो, प्रोकर्सस म्हणतात, पाल्पच्या टोकाकडून निघालेला हातासारखा भाग, त्याच्या शेवटाला पातळ पापुद्रे, काटे, घड्या, आणि दर प्रजातीत या घड्यांची मांडणी वेगळी. त्याच्या शेजारी बल्ब (शुक्राणू पोचवणारा फुगीर भाग), बल्बला स्वतःचे उपांग, फोल्कसमध्ये त्यातल्या दोघांना अंकस आणि अपेंडिक्स म्हणतात आणि काही प्रजातीत अपेंडिक्स नसतंच, तेही लिहायचं. जबड्यांवर पुढून छोटे उंचवटे, शिंगं असतात, किती, कुठे, टोकाला बारीक शंकूसारखे काटे आहेत का हे बघा, मादीच्या जबड्यांवर ती शिंगं सहसा नसतात. पाल्प डावा काढून त्याचीच चित्रं करायची पद्धत आहे, तिन्ही बाजूंनी, म्हणजे आतून, बाहेरून आणि वरून. डावा तुटलेला असेल तर उजवा घ्या, चित्र आरशासारखं उलटं करा आणि तसं केलंय हे लिहा.

मादीचं थोडं किचकट. बाहेरून पोटाखाली एक कडक पट्टी दिसते, तिचा आकार, तिच्यावर मधे बटणासारखी गाठ आहे का, ते बघा, पण तेवढ्यावर थांबू नका कारण पुष्कळ जवळच्या प्रजातींत बाहेरचा भाग सारखाच दिसतो. तो भाग बारीक सुईने कापून काढायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणात किंवा लॅक्टिक अॅसिडमध्ये स्वच्छ करायचा म्हणजे आतलं मऊ मांस जातं आणि पारदर्शक होतं, हवं तर क्लोराझोल ब्लॅकने रंगवायचा. मग वरून, म्हणजे आतल्या बाजूने, पोअर प्लेट नावाच्या दोन चकत्या दिसतात, ग्रंथी तिथे उघडतात, त्यांचा आकार आणि त्यांच्यातलं अंतर बघायचं. इतर कोळ्यांवर काम केलेले लोक इथे शुक्राणू साठवायच्या पिशव्या शोधत बसतात, फोल्सिडीत त्या नसतात, वेळ घालवू नका. द्रावणात जास्त वेळ ठेवलंत तर सगळंच काचेसारखं होऊन काही दिसत नाही, दर काही मिनिटांनी डोकावत रहा.

नमुना अल्कोहोलमध्ये तरंगतो, फिरतो, वैताग येतो. बशीच्या तळाशी बारीक वाळू किंवा काचेचे मणी टाकून त्यात टेकवा, किंवा हँड सॅनिटायझरच्या जेलमध्ये रोवा. फोटो वेगवेगळ्या फोकसला घेऊन एकत्र जोडायचे, पण नुसत्या फोटोवर भागवू नका, रेषाचित्र काढाच, ड्रॉइंग ट्यूबने (मायक्रोस्कोपला लावायची चित्र गिरवायची नळी) किंवा फोटोवरून गिरवून. फोटोत चमक, सावली, चिकटलेला कचरा सगळंच असतं, चित्र काढताना मात्र तुम्हाला ठरवावं लागतं की ही रेघ म्हणजे घडी आहे की कडा, आणि तो निर्णय घेताना माझ्या दोन चुका तरी सापडल्यात. प्रत्येक चित्राला स्केल बार (मोजमाप दाखवणारी रेघ). हा विसरला की जर्नलचा परीक्षक पेपर परत पाठवतोच.

मोजमापं मिलिमीटरमध्ये: एकूण लांबी, कॅरापेसची (डोक्याकडच्या भागावरच्या कवचाची) रुंदी, डोळ्यांचे व्यास आणि अंतरं, आणि पहिल्या पायाचा प्रत्येक भाग वेगवेगळा, फीमर, पटेला, टिबिया, मेटाटार्सस, टार्सस. पहिली टिबिया सगळ्यात महत्त्वाची, तिची लांबी भागिले जाडी हा आकडा, आणि तिच्यावरचा संवेदी केस किती टक्के अंतरावर आहे हे या कुळातल्या वर्णनांत नेहमी देतात. म्हणून डीएनएसाठी पाय काढायचा असेल तर तिसरा काढा, पहिल्याला हात लावू नका. एकाच नमुन्यावर थांबू नका, मिळतील तेवढ्या नरांच्या पहिल्या टिबिया मोजा आणि कितीपासून कितीपर्यंत ते द्या. रंग जिवंत असतानाच टिपा, अल्कोहोलमध्ये हिरवट, निळसर छटा उडून जातात.

डीएनएबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात. सीओआय या जीनचा ६५८ बेसचा तुकडा वाचून तुलना करायची पद्धत आहे, करा, छान आहे, नर-मादी जुळवायला तर फारच. पण अमुक टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती असा जादूचा आकडा नाहीये. त्यात गुहेतले प्राणी म्हणजे बेटावर अडकल्यासारखे, दोन शेजारच्या गुहांतली एकाच प्रजातीची पोरं हजारो वर्षं एकमेकांना भेटली नसतील तर फरक मोठा दिसणारच. पाल्प वेगळा आणि डीएनए पण वेगळा, तर हो म्हणा. डीएनए वेगळा आणि पाल्प हुबेहूब तोच, तर थांबा आणि आणखी नर शोधा.

तुलना कोणाशी करायची? वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग ही जगभरच्या कोळ्यांची ऑनलाइन यादी उघडा, स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडून चालतो, नाव नोंदवलं की जुने पेपरसुद्धा मोफत मिळतात. आधी जीनस पक्की करा, मग तुमच्या आणि शेजारच्या भागांतून नोंदलेल्या त्या जीनसच्या सगळ्या प्रजातींची यादी करा, आणि एकेकीची चित्रं समोर ठेवून काट मारत जा. फोल्सिडीवर सगळ्यात जास्त काम जर्मनीतल्या बॉनच्या कोएनिग म्युझियममधल्या बर्नहार्ड हुबर यांचं आहे, फोल्कसच्या प्रजाती नव्याने तपासणारा त्यांचा २०११ मधला मोठा ग्रंथ हाताशी नसेल तर त्या जीनसमध्ये शिरूच नका, त्यात प्रजातींचे गट पाडलेत, त्यामुळे ३५० शी नाही तर आपल्या गटातल्यांशीच बारीक तुलना करावी लागते. आणि जगभर माणसाबरोबर फिरलेल्या मंडळींना आधीच बाजूला काढा: फोल्कस फॅलॅन्जिऑइडीस, पोटाचं मागचं टोक वर निघालेला क्रॉसोप्रायझा लायोनी, गोल पोटाचा फायसोसायक्लस ग्लोबोसस, भलामोठा आर्टेमा अटलांटा, स्मेरिंगोपस पॅलिडस. गुहेच्या तोंडाशी यांच्यातला एखादा निघाला की उत्साह मावळतो, पण तो इथेच मावळलेला बरा.

एकोणिसाव्या शतकातली वर्णनं वाचताना हसावं की रडावं कळत नाही, चार ओळी लॅटिन किंवा फ्रेंच, चित्र नाही, "पाय लांब, फिकट". अशी एखादी जुनी प्रजाती तुमच्याच भागातली असेल तर तिला वळसा घालून पुढे जाता येत नाही. ज्या म्युझियममध्ये तिचा टाइप नमुना (ज्यावरून ते नाव दिलं तो मूळ नमुना) आहे तिथे पत्र लिहा, पाल्पचे फोटो मागा, महिने लागतील, लागू द्या. कुठेच काही जुळत नसेल तरच लिहायला बसा.

लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, निदान आणि वर्णन. निदान म्हणजे हा इतरांपासून कसा ओळखायचा, आणि त्यात नावं घेऊन बोलायचं: अमक्या प्रजातीसारखाच, पण प्रोकर्ससच्या टोकाला दोन पापुद्रे, तिच्यात एक, जबड्यावरची शिंगं मध्यावर, तिच्यात तळाशी. "मोठा", "बारीक", "वैशिष्ट्यपूर्ण" हे शब्द निदानात आले की खोडा, कशापेक्षा मोठा ते सांगा. वर्णन म्हणजे मग सगळं, डोक्यापासून पायापर्यंत, फक्त होलोटाइपचं (ज्या एका नमुन्याशी नाव बांधलं जातं त्याचं), आणि इतर नमुन्यांतला फरक शेवटी वेगळा.

प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याच्या नियमांचं पुस्तक म्हणजे आयसीझेडएन कोड, २००० पासून चौथी आवृत्ती लागू आहे. त्यातलं न चुकवण्यासारखं एवढंच. ही नवी प्रजाती आहे असं स्पष्ट म्हणा. एक नमुना, शक्यतो नर, होलोटाइप म्हणून ठरवा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवलाय ते लिहा, घरातल्या कपाटात नको, म्युझियममध्ये द्या आणि क्रमांक घ्या. बाकीचे पॅराटाइप. मादीला अॅलोटाइप म्हणतात काही जण, म्हणा, पण कोडच्या दृष्टीने त्याला नाव बांधलेलं नसतं. जर्नल फक्त ऑनलाइन निघत असेल तर झूबँकवर (प्राण्यांच्या नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) आधी नोंदणी आणि ती नोंद लेखातच छापलेली हवी, हा नियम २०१२ पासूनचा. गंमत म्हणजे प्राण्यांची नावं १७५८ पासून सुरू होतात पण कोळ्यांसाठी स्वीडिश अभ्यासक कार्ल क्लर्क यांचं १७५७ चं काम अपवाद म्हणून धरलंय, तेव्हा जुनी नावं शोधताना एक वर्ष मागे जा.

नाव ठेवताना लोक सगळ्यात जास्त भांडतात. जीनसचं लिंग बघा, फोल्कस पुल्लिंगी आहे, विशेषणं त्याप्रमाणे बदलतात. जागेवरून ठेवलं तर शेवटी -एन्सिस, पुरुषाच्या नावावरून -आय (-i), बाईच्या नावावरून -ई (-ae), आणि स्वतःचं नाव द्यायला कोडची बंदी नाही पण जन्मभर हसतील. गुहेवरून नाव ठेवायचा मोह टाळा, उद्या तोच कोळी दहा किलोमीटरवर झाडाखाली निघाला तरी नाव बदलता येत नाही. त्या जीनसमध्ये ते नाव आधी कोणी वापरलं नाही ना ते कॅटलॉगमध्ये बघा. आणि पेपर छापून येईपर्यंत नाव कुठेही फुटू देऊ नका, भाषणात नाही, पोस्टरवर नाही, फोटोखाली नाही, वर्णनाशिवाय फिरणारं नाव नंतर सगळ्यांच्याच गळ्यात पडतं.

गुहा छोटी असेल आणि लोक कोळी विकायला उचलतील अशी भीती असेल तर छापील अक्षांश-रेखांश थोडे गोल करा, अचूक आकडे म्युझियमच्या नोंदीत राहू द्या.

परीक्षक बहुधा मादीचं आतलं चित्र पुन्हा मागेल, आणखी एका प्रजातीशी तुलना मागेल. म्हणूनच एक मादी न कापता ठेवायची. छापून आल्यावर पीडीएफ कॅटलॉगवाल्यांना पाठवा, डीएनएचा क्रम जेनबँक या डीएनए क्रमांच्या सार्वजनिक साठ्यात टाका, होलोटाइपच्या बाटलीत नव्या नावाचं लेबल घाला आणि पकडताना लिहिलेलं जुनं लेबलही आतच राहू द्या, ते कितीही मळलेलं असलं तरी काढू नका. आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्या गुहेच्या बाहेरचे दगड पुन्हा एकदा उलटून बघा.